सरकीच्या लवेपासून फिल्मच्या रिळापर्यंत: गावच्या शाळेत मांडायचं एक प्रदर्शन

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. आमच्याकडे शाळेशाळेत त्या दिवशी ज्वालामुखी, पाणी गाळायचं यंत्र आणि थर्माकोलची सूर्यमाला ठरलेली. मी हिंगणघाटकडच्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्त झाल्यावरही दरवर्षी एक टेबल मी मांडतेच: जुन्या काळी सिनेमाची फिल्म कशापासून बनायची? कापूस, कापूर, हाडं, चांदी, लाख, कोळसा. यातलं बहुतेक सगळं विदर्भातल्या पोरांनी पाहिलेलं, हाताळलेलं असतं. ते एकत्र येऊन सिनेमा झाला, एवढंच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. हे प्रदर्शन तुम्ही तुमच्या शाळेत कसं मांडाल, ते इथे लिहिते.

काळ आधी नक्की करून घ्या. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लागला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिकडे हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचीही भरभराटीची वर्षं हीच. १९५० च्या सुमारापर्यंतचे हे बहुतेक सगळे चित्रपट नायट्रेट फिल्मवर, म्हणजे कापसाच्या नायट्रोसेल्युलोजपासून केलेल्या, चटकन पेटणाऱ्या फिल्मवर उतरले. पोरांच्या डोळ्यांसमोर तीच फिल्म आणायची आहे.

कापसाचं टेबल

सुरुवात इथूनच करा आणि वेळही इथेच जास्त द्या. एका ताटात बोंडातून वेचलेला कापूस ठेवा, दुसऱ्यात जिनिंगमधून निघालेली रुई आणि तिसऱ्यात सरकी. मोठ्या माणसांनाही वाटतं की रुई काढली म्हणजे कापूस संपला. सरकी हातात घेऊन बघा. तिच्यावर आखूड, करडी-पांढरी लव चिकटून असते. सूतगिरणीला ती नको असते, कारण तिचा धागा होत नाही. तेलाच्या गिरणीत सरकी दळण्याआधी ही लव खरवडून काढतात. तिला लिंटर म्हणतात. फिल्म बनायची ती या लवेपासून.

सरकी जिनिंगमधूनच आणा, नाहीतर ज्यांच्या घरी ढोरांसाठी सरकी आणतात त्यांच्याकडून घ्या. पेरणीच्या पाकिटातलं बियाणं टेबलावर ठेवू नका. त्याची लव कारखान्यात अॅसिडने काढून टाकलेली असते आणि वर कीटकनाशकाचा रंगीत थर असतो. लहान पोरं बी तोंडात घालतात, म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक शिक्षकाला आवर्जून सांगते.

आता प्रयोग. एक वाटी पाण्यात कापसाचा बोळा टाका. तो तरंगतो, कारण तंतूंवर मेणाचा पातळ थर असतो. दुसरा बोळा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळा, स्वच्छ धुवा, वाळवा आणि पाण्यात टाका. आता तो बुडतो. मेण गेलं आणि मागे उरलं जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. फिल्मच्या कारखान्यात हेच काम कॉस्टिक सोड्याने व्हायचं, मग लव ब्लीच करून शुभ्र करायचे. आमच्या गावात जे शेतकरी प्रदर्शन बघायला येतात ते या टेबलापाशी सगळ्यात जास्त थांबतात. एक आजोबा बोळा बुडताना बघून म्हणाले होते, “म्हंजे पडद्यावर आपली पऱ्हाटीच दिसे म्हना की!”

इथे एक गोष्ट सरळ सांगा. आपल्या शेतातला कापूस हॉलिवूडच्या फिल्ममध्ये गेला, असं पोरांना सांगायचं नाही. अमेरिकेतले कारखाने त्यांच्याच दक्षिणेकडच्या सरकीची लव वापरत. आपल्याकडे तर फिल्म बनतच नव्हती. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. त्याआधी मुंबई, पुणे, कोल्हापूर, कलकत्ता, मद्रास, कुठल्याही स्टुडिओत जी कोरी फिल्म लागायची ती बोटीने यायची. कापूस इथला मुबलक आणि फिल्म परदेशची, ही वस्तुस्थिती आठवीच्या पोरांना चांगली समजते. त्यावर त्यांना बोलू द्या.

पुढची पायरी फक्त फळ्यावर. लवेवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक अॅसिडच्या मिश्रणाची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. याचंच जास्त नायट्रोजन असलेलं भावंड म्हणजे गनकॉटन, बंदुकीच्या दारूच्या जागी वापरायचं ते. शाळेत हे कधीही करायचं नाही. अकरावीच्या मुलांनी कितीही आग्रह केला तरी नाही.

पण नायट्रोसेल्युलोज पोरांना दाखवता येतं, आणि तेही जत्रेतल्या बांगड्यांच्या दुकानातून आणून. नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचं द्रावण. बिनरंगाची बाटली घ्या. पॉलिथिनचा सपाट तुकडा पाटीवर ताणून बसवा आणि त्यावर नेलपॉलिशचे दोन-तीन थर द्या, प्रत्येक थर वाळू देऊन. रात्रभर ठेवा. सकाळी कडेने उचललं की पातळ, पारदर्शक, लवचीक पापुद्रा सुटून हातात येतो. कारखान्यातही हेच चालायचं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर: दाट द्रावण फिरत्या प्रचंड ढोलावर ओतायचं, द्रावक उडून गेला की पट्टा सोलून काढायचा. पट्ट्याची जाडी एक मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढी. हा पापुद्रा हातात आल्यावर पोरींचे चेहरे बघण्यासारखे होतात, त्यामुळे हा प्रयोग त्यांच्याच हातून करवून घ्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास काडेपेटी नको. पापुद्रा क्षणात पेट घेतो.

कापराची डबी

नुसतं नायट्रोसेल्युलोज वाळल्यावर कडक होतं, तडकतं. त्यात कापूर मिसळला की ते लवचीक होतं. त्यालाच सेल्युलॉइड म्हणतात. स्टुडिओंच्या काळात नैसर्गिक कापराचा मोठा साठा तैवानच्या झाडांत होता. तैवान तेव्हा जपानच्या ताब्यात होतं आणि १८९९ पासून तिथे कापरावर सरकारी मक्तेदारी होती. हल्ली देवघरात जो कापूर असतो तो बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात केलेला असतो. टेबलावर कापराची उघडी डबी आणि जगाचा नकाशा ठेवला की पुरे.

हाडं आणि मोहरी

या टेबलापाशी आधी बोलून घ्या, मग दाखवा. फिल्मच्या पट्ट्यावर जो प्रकाश टिपणारा थर असतो तो जिलेटिनचा, आणि जिलेटिन जनावरांची हाडं नि कातडी यांपासून निघतं. गावात माळकरी घरं असतात. काही मुलांना हात लावायचा नसतो. त्यांना लावायला लावू नका, लांबून बघू द्या. पण लपवूही नका. हाडांतली चरबी काढायची, अॅसिडने खनिजं विरघळवायची, उरलेला मऊ भाग चुन्याच्या पाण्यात कित्येक आठवडे भिजवायचा आणि मग गरम पाण्यात जिलेटिन उतरवून घ्यायचं, अशी ती लांबलचक कृती आहे.

किराणा दुकानात किंवा बेकरीचं सामान मिळतं तिथे जिलेटिनची पुडी मिळते. एक चमचा थंड पाण्यात टाका: फुगतं, विरघळत नाही. पाणी कोमट करा: विरघळतं. थंड करा: थिजतं. फिल्मचा सगळा कारभार या तीन गोष्टींवर उभा होता. थंड रसायनात जिलेटिन फुगलं की रसायन आत शिरतं, चांदीच्या कणांवर काम करतं, आणि कण जागचे हलत नाहीत. उलट रसायन फार गरम झालं तर थरच सुटायला लागतो. डेव्हलपर म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणारं रसायन, त्याचं नेहमीचं तापमान २० अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा उन्हाळ्यात प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना काय कष्ट पडत असतील ते पोरांनीच सांगावं. हे प्रदर्शन मे महिन्यात ठेवू नका असं मी म्हणते, ते याच कारणाने. फेब्रुवारीत ऊन पुरेसं असतं आणि पाणी थंड असतं.

आता मोहरी. कोडॅकच्या कारखान्यात कधी जिलेटिन चांगलं निघे, फिल्म प्रकाशाला झटकन दाद देई. कधी तीच कृती करूनही फिल्म मंद निघे. सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमारास कारण शोधलं. जनावरांनी मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्ल्या की त्यांतली गंधकाची संयुगं अंशमात्र जिलेटिनमध्ये उतरत. त्यांच्यामुळे चांदीच्या क्षारांच्या कणांवर सिल्व्हर सल्फाइडचे बारीक ठिपके तयार होत आणि तिथे प्रकाशाचा परिणाम लवकर होई. जिलेटिनच्या वाटीशेजारी मोहरीची वाटी ठेवा आणि ही गोष्ट सांगायला सगळ्यात बोलकी मुलगी उभी करा. मला स्वतःला सगळ्या प्रदर्शनात ही गोष्ट सर्वांत प्रिय आहे. एका गाईच्या चाऱ्याचा संबंध पडद्यावरच्या चेहऱ्याशी लागतो आणि तो प्रयोगशाळेत सिद्ध करता येतो!

चांदी

इथे मोठं माणूस हजर पाहिजे. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, कातडीवर पडलं तर काळे डाग पडतात आणि डोळ्यात गेलं तर इजा होते. हातमोजे आणि चष्मा लावूनच काम करा. बाटली शिक्षकांनीच हाताळायची. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विचारा, एक ग्रॅम पुरतं. ते १० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे पाणी गॅरेजमध्ये मिळतं. मागताना बॅटरीत वरून टाकायचं पाणी मागा, अॅसिड नव्हे.

बोअरचं पाणी का नको, हाच पहिला प्रयोग. परीक्षानळीत बोअरचं पाणी घेऊन त्यात या द्रावणाचा एक थेंब टाका. पाणी दुधाळ होतं, कारण पाण्यातल्या क्षारातून सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तुमची शाळा असेल तर ते फारच दाट होईल. ज्या पाण्याने तिथली माणसं पिढ्यानपिढ्या त्रासली आहेत तेच इथे एका थेंबात दिसतं.

दुसरा प्रयोग दोन नळ्यांचा. एकीत साधं मिठाचं पाणी, दुसरीत मीठ घातलेलं कोमट जिलेटिनचं पाणी. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पहिल्या नळीत थोड्या वेळाने गुठळ्या होऊन तळाशी बसतात. दुसरीत दूध तसंच राहतं, कण तरंगत राहतात. फिल्मला जिलेटिन का लागतं याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही. कारखान्यात मिठाऐवजी पोटॅशियम ब्रोमाइड असे, सगळं काम अंधारात चाले, आणि तयार झालेला थर थिजवून शेवयांसारखा पाडून थंड पाण्यात धूत, म्हणजे नको असलेले क्षार निघून जावेत.

तिसरा प्रयोग म्हणजे खरं चित्र. जाड ड्रॉइंग पेपरचे पोस्टकार्डाएवढे तुकडे करा. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात तुकडे दोन मिनिटं भिजवा आणि वाळवा. इथपर्यंत उजेडात चालतं. मग खोलीच्या खिडक्या झाका, एक मंद पिवळा दिवा ठेवा आणि कापसाच्या बोळ्याने कागदाच्या एका बाजूवर सिल्व्हर नायट्रेट एकसारखं फिरवा. एका कागदाला साधारण एक मिलिलिटर पुरतं. अंधारात वाळवा. कागदावर कपाशीचं पान किंवा पळसाचं फूल ठेवा, वर काच दाबा आणि उन्हात न्या. आपल्या उन्हात काही मिनिटांत कागद गडद तपकिरी होतो. वाटतं त्याहून थोडा जास्त गडद होऊ द्या, कारण नंतर तो फिका पडतो. सावलीत आणून किंचित मीठ घातलेल्या पाण्यात धुवा, मग १० टक्के हायपोत (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) पाच मिनिटं आणि शेवटी अर्धा तास बदलत्या पाण्यात. पानाच्या जागी पांढरी आकृती राहते, शिरांसकट.

त्याच कागदावर एका कोपऱ्यात लाल जिलेटिन पेपरच्या (सजावटीच्या रंगीत पारदर्शक कागदाच्या) दोन-तीन घड्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात निळ्या पेपरची एक घडी ठेवा. लालाखाली कागद पांढरा राहील, निळ्याखाली काळवंडेल. जुन्या सिनेमाची फिल्मही लाल रंगाला आंधळी होती. लाल ओठ पडद्यावर काळे दिसत. म्हणून नटनट्यांच्या चेहऱ्यांना निराळे रंग फासावे लागत. सर्व रंगांना दाद देणारी पँक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकात रुळली, तेव्हा रंगभूषाही बदलली.

उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका. बाटलीत जमवा आणि त्यात तांब्याची स्वच्छ तार टांगा. तासाभरात तारेवर चांदीची लव उगवते आणि पाणी निळसर होतं. पोरं विचारतातच, “मॅडम, ही खरी चांदी हाय का जी?” हो, खरी. आणि याच चांदीने आपला घात केला. बोलपटांआधीच्या काळात भारतात तेराशेच्या आसपास मूकपट बनले. त्यांतले तीसही आज पूर्ण-अपूर्ण स्वरूपात शिल्लक नाहीत. पुष्कळ रिळं सडली, जळली, आणि पुष्कळ चांदीसाठी गाळली गेली. तारेवरची ती लव दाखवताना हे सांगा. मला दरवर्षी सांगताना तितकंच वाईट वाटतं.

दोरी आणि भोकं

मैदानात ९० फूट दोरी अंथरा. बोलपटाचा एक मिनिट म्हणजे एवढी फिल्म: एका फुटात १६ चित्रं, सेकंदाला २४. दुसऱ्या महायुद्धात कोरी फिल्म मिळेनाशी झाली तेव्हा सरकारने परवाने लावले आणि कथापटाची लांबी ११,००० फुटांवर आणली. हे गणित पोरांकडून करवून घ्या: दोन तास आणि वर दोन मिनिटं. अंतरात मोजलं तर साडेतीन किलोमीटरला थोडं कमी. तुमच्या शाळेपासून तेवढ्या अंतरावर कोणता फाटा, कोणता नाला येतो ते त्यांना शोधू द्या.

फाळक्यांच्या वेळी कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. घरी अंधारात बसून छिद्रं पाडायच्या कामात सरस्वतीबाई फाळके होत्या. साडेतीन सेंटिमीटर रुंदीची कागदाची पट्टी घ्या, एका फुटात प्रत्येक कडेला ६४ खुणा करा आणि डोळे मिटून दाभणाने भोकं पाडायला सांगा. एका फुटाला दोन्ही कडांची मिळून १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता. त्या हिशेबाने एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात. सरस्वतीबाईंकडे यंत्र होतं, पण अंधार तोच. फाळक्यांचं नाव पाठ्यपुस्तकात येतं, सरस्वतीबाईंचं सहसा येत नाही. फलकावर दोघांची नावं सारख्याच अक्षरात लिहा.

लाख आणि कोळसा

लाखेचं टेबल गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या शाळांनी मोठं करावं, कारण हा माल खरोखर आपल्या जंगलाचा. पळसावर रंगीनी आणि कुसुमावर कुसुमी लाख येते. लाखेची काडी ठेवा, तिच्यापासून केलेली चपडा लाख ठेवा, लाखेची बांगडी ठेवा. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या गाण्यांच्या जुन्या तबकड्या लाख, दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून दाबून बनवत. सुरुवातीच्या काही अमेरिकन बोलपटांचा आवाजही फिल्मवर नव्हता, १६ इंची तबकडीवर होता, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश भारत होता. आपल्याकडे सिनेमाची गाणी घरोघर पोचली ती याच तबकड्यांवरून. कुणाच्या घरी एखादी तबकडी असेल तर आणायला सांगा, पण ती पडली की फुटते.

कोळशासाठी टॉर्चचा संपलेला साधा सेल मोठ्या माणसाने कापून मधली काळी कांडी काढा. जुन्या प्रोजेक्टरमध्ये अशाच कोळशाच्या, पण जाड आणि बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटायची. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर सारखा वाकून कांड्या पुढे सरकवायचा तो ज्योत विझू नये म्हणून. ती ज्योत शाळेत करून दाखवायची नाही, तिने डोळे जातात. सेलमधली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीचं खनिज सेलच्या कारखान्यांना जातं. सिनेमाशी याचा संबंध नाही, पण भंडाऱ्याची पोरं खूश होतात, म्हणून मी सांगतेच.

एखाद्या घरी खरी फिल्म निघाली तर

प्रदर्शन बघून कुणीतरी सांगतंच की आजोबांच्या पेटीत रीळ आहे. ३५ मिलिमीटरची फिल्म असेल तर कडेवरची बारीक अक्षरं वाचा. ‘सेफ्टी’ लिहिलेलं असेल तर बहुधा ॲसिटेटची, म्हणजे सहजासहजी पेट न घेणारी असते. ईस्टमन कोडॅकने १९४८ पासून नायट्रेटच्या जागी तसली फिल्म आणली. ‘नायट्रेट’ लिहिलं असेल, किंवा काहीच नसेल आणि फिल्म पिवळट, चिकट झाली असेल, तर ती पेटती वस्तू समजून वागा. तुकडा जाळून बघायची पद्धत सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. ही फिल्म जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्याखालीही जळते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या काळातले किती तरी अनमोल चित्रपट गेले.

रीळ उलगडू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, तिला वारा लागला पाहिजे. टिनाच्या छपराखालून काढून घरातल्या सर्वांत थंड, सावलीच्या आणि चुलीपासून लांब अशा जागी ठेवा. डब्याचा आणि कडेवरच्या अक्षरांचा फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते रीळ कुठून आलं ते विचारून लिहून घ्या, आणि सगळं पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा. त्यांचं उत्तर येईपर्यंत रीळ बसने किंवा टपालाने कुठेही पाठवू नका.